भागवंती सगळ्यांना का आवडली? ‘हम लोग’ मालिकेचा एक प्रकरण अभ्यास

१९८४ साली नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात एकच टीव्ही होता, लाकडी शटरचा, काळा-पांढरा. ‘हम लोग’ लागायच्या आत बायका पोळ्या उरकायच्या. माझी काकू मात्र कधी आत सतरंजीवर बसली नाही. दूध स्टोव्हवर ठेवून आलेली असायची, म्हणून कणकेचे हात पदराला पुसत ती उंबऱ्याशीच टेकायची. पडद्यावर भागवंती दिसली, सासूचे बोल आणि नवऱ्याचं पिणं सोसत स्वयंपाकघरात वावरताना दिसली, की काकू हळूच म्हणायची, “बाई गं, किती सोसते!” त्या आवाजात कीव कमी आणि कौतुक जास्त होतं. मी तेव्हा नववीत होते आणि मलाही भागवंती फार आवडायची.

भागवंती आम्हांला आवडावी म्हणून घडवलेलीच नव्हती, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. बाईने असं जगू नये, हे देशाला पटावं म्हणून ते पात्र लिहिलं होतं. टीव्हीचा समाजावर परिणाम होतो का, या वादात लोक ‘होतो’ किंवा ‘होत नाही’ एवढ्यावर थांबतात. मला मात्र या एका पात्राचं काय झालं ते सावकाश उलगडून पाहावंसं वाटतं. इथे परिणाम झाला, भरपूर झाला. पण सांगणाऱ्यांनी ठरवलं होतं त्याच्या नेमक्या उलट दिशेने झाला.

मेक्सिकोहून आलेला आराखडा

त्या वेळी दूरदर्शन झपाट्याने पसरत होतं. १९८२च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत प्रक्षेपण आलं, १९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये तर काही महिने रोज जवळपास एक नवा ट्रान्समीटर उभा राहत होता. यंत्रणा तयार होती, पण तिच्यावर दाखवायचं काय हा प्रश्न होता. माहिती व नभोवाणी मंत्री वसंत साठे यांच्या १९८२च्या मेक्सिको दौऱ्यातून मालिकेची कल्पना आली असं सांगितलं जातं. साठे तेव्हा वर्ध्याचे खासदार होते.

मेक्सिकोत मिगेल साबिदो या दिग्दर्शकाने सत्तरच्या दशकात एक पद्धत बसवली होती. रोजच्या रडक्या मालिकेचाच साचा घ्यायचा आणि त्यात साक्षरता किंवा कुटुंबनियोजनासारखा एखादा विषय गुंफायचा. पात्रं तीन प्रकारची करायची: चांगलं वागणारी, वाईट वागणारी आणि मधल्यामध्ये हेलकावे खात शेवटी सुधारणारी. चांगल्याला कथेत बक्षीस मिळालं पाहिजे, वाईटाला शिक्षा झाली पाहिजे आणि सुधारणाऱ्याचं डोळ्यांदेखत भलं झालं पाहिजे. ‘आकोम्पान्यामे’ ही त्याची १९७७-७८ची मालिका कुटुंबनियोजनावर होती.

या नियमाचं मूळ हिंसेवरच्या एका प्रयोगात सापडतं. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये स्टॅनफर्डला लहान मुलांसमोर एका मोठ्या माणसाला हवा भरलेली बाहुली बडवायला लावलं. नंतर मुलांना त्याच बाहुलीजवळ सोडलं, तेव्हा त्यांनीही ती तशीच बडवली. १९६५च्या प्रयोगात त्याने मुलांना फिल्म दाखवली. बडवणाऱ्याला फिल्ममध्ये शेवटी शिक्षा झाली असेल, तर मुलं त्याची नक्कल कमी करायची. बघणारा नुसती कृती उचलत नाही, तिचं पुढे काय होतं तेही पाहतो, हे बांडुराचं म्हणणं साबिदोने कथेत आणलं.

‘हम लोग’ याच आराखड्यावर उभी राहिली. लेखन मनोहर श्याम जोशी यांचं, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचं. ७ जुलै १९८४ ते १७ डिसेंबर १९८५ या सतरा महिन्यांत दीडशेहून जास्त भाग झाले. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर यायचे. अर्ध्या-पाऊण मिनिटात, मिश्कील दोन ओळी म्हणत, ते आजच्या भागातून काय घ्यायचं ते सांगायचे. मॅगी नूडल्सची कंपनी प्रायोजक होती. दोन मिनिटांत मुलांना खाऊ घालणारी आई जाहिरातीत आणि दिवसभर ओट्याशी राबणारी आई मालिकेत, अशा दोन आया एकाच अर्ध्या तासात घरात येत होत्या.

सुरुवातीच्या तेरा भागांत कुटुंबनियोजनाचा डोस इतका होता की लोक कंटाळले. मग लेखकाने तो विषय मागे सारून कुटुंबातला सलोखा, बाईचं स्थान, दारू, हुंडा असे विषय पुढे आणले. मालिकेने पकड घेतली ती तिथून.

तीन बायका, तीन निकाल

बसेसर राम हा दारुडा, भागवंती ही त्याची बायको. घरात सासू-सासरे, तीन मुली, दोन मुलगे. आराखड्याप्रमाणे भागवंती म्हणजे ‘असं असू नये’ याचं उदाहरण. मधली मुलगी मझली हीही ‘असं करू नये’ याचंच उदाहरण: नटी व्हायचं म्हणून ती मुंबईला जाते आणि फसवली जाते. थोरली बडकी मात्र चांगल्याच्या पारड्यातली. ती महिलांच्या संस्थेत काम करते, स्वतःच्या मनाने डॉक्टर मुलाशी लग्न करते.

आता हे तीन निकाल शेजारी शेजारी ठेवून बघा. बडकीचा निकाल स्पष्ट आहे. मझलीचाही स्पष्टच आहे. ती घराबाहेर पडली, स्वप्न घेऊन मुंबईला गेली, तिची फसवणूक झाली. बांडुराच्या बाहुलीसारखं इथे कृती आणि शिक्षा यांचं नातं सरळ आहे, आणि आमच्या वाड्यातल्या प्रत्येक आईने ते क्षणात उचललं. “बघितलंस? म्हणून सांगते,” हे वाक्य त्या दिवसांत मी किती वेळा ऐकलं!

भागवंतीच्या बाबतीत मात्र गाडं अडलं. तिला शिक्षा काय होती? नवऱ्याने केलेला पाणउतारा, सासूची बोलणी, पैशाची ओढाताण. लेखकाच्या आणि सल्लागारांच्या हिशोबात ही शिक्षाच होती. पण आमच्याकडे बाईचं सोसणं शिक्षा म्हणून कधी मोजलंच गेलं नाही. ते तिच्या खात्यावर पुण्य म्हणून जमा होतं. ‘सोसलं म्हणून संसार झाला’ हे आपल्या घरांत सुनेला दिलेलं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र असतं. सोशिक हा शब्द आपण दोष म्हणून वापरतच नाही. त्यामुळे भागवंती जितकी जास्त सोसत गेली तितकी ती प्रेक्षकांच्या डोळ्यांत उंच होत गेली. ज्या दृश्यांनी तिची चूक दाखवायची होती, त्याच दृश्यांनी तिला मोठं केलं.

जयश्री अरोरांचा अभिनयही लक्षात घ्यायला हवा. त्यांनी भागवंती इतक्या मायेने उभी केली की तिला नाकारणं म्हणजे घरातल्या कुणाला तरी नाकारण्यासारखं वाटायचं. यात त्यांचा दोष काढता येणार नाही, उलट हेच त्यांचं यश. सतरा महिने एक बाई ऐन जेवणाच्या वेळी आपल्या घरात येते, दुखणीखुपणी सांगते. अशी बाई चुकीचं उदाहरण आहे हे मनाला पटवायला अशोककुमारांचं अर्धं मिनिट कसं पुरणार?

पुण्यातली माणसं काय म्हणाली

हे नुसतं माझ्या वाड्यातलं निरीक्षण असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स या संज्ञापनाच्या, म्हणजे संवादमाध्यमांच्या, अभ्यासकांनी १९८७ मध्ये दिल्ली, मद्रास आणि पुणे या तीन शहरांत आणि आसपास मिळून १,१७० जणांची पाहणी केली. पुणे त्यात मराठी मुलूख म्हणून घेतलं होतं. आमच्या वाड्यात विचारायला कुणी आलं नाही, पण जे बोलले ते आमच्यासारखेच असणार.

मालिकेच्या काळात प्रेक्षकांची चार लाखांहून जास्त पत्रं आली होती. सरासरी पाच कोटी लोक एकेक भाग पाहत होते. बडकीच्या लग्नाच्या भागाच्या दिवशी उत्तरेतल्या काही बाजारपेठांत दुकानं लवकर बंद झाली. दादीला, म्हणजे भागवंतीच्या सासूला, कर्करोग होतो तेव्हा तिला मारू नका म्हणून लोकांनी कळवलं. समदर या पोलीस इन्स्पेक्टरची दृष्टी स्फोटात जाते, त्या वेळी अशोककुमारांनी नेत्रदानाचं आवाहन केलं आणि लोकांनी खरोखर नेत्रदानाचे अर्ज भरले. म्हणजे शेवटच्या त्या अर्ध्या मिनिटाला काहीच ताकद नव्हती असं नाही. एक अर्ज भरायचा, सही करायची, एवढंच काम सांगितलं तर लोक ते करत होते. पण जन्मभराचं वागणं बदला असं सांगितलं की तेच अर्धं मिनिट तोकडं पडत होतं.

पाहणीतल्या सुमारे ७० टक्के प्रेक्षकांनी सांगितलं की बायकांना समान संधी मिळायला हवी हे आम्ही या मालिकेतून शिकलो. बाईला स्वतःच्या आयुष्याचे निर्णय घ्यायचं स्वातंत्र्य हवं, हेही जवळपास तितक्यांनीच सांगितलं. आकडे उत्तम होते. पण त्याच अभ्यासात दिसलं की भागवंतीला आदर्श मानणारेही बरेच होते आणि त्यांत बायका होत्या. पुढे विल्यम ब्राउन आणि मायकेल कोडी यांनी याच पाहणीची आकडेवारी बारकाईने तपासली आणि १९९१ मध्ये निष्कर्ष मांडले. मालिका जास्त पाहिली म्हणून बायकांच्या दुय्यम स्थानाची जाणीव वाढली असं त्यांना आढळलं नाही.

समानतेवर विश्वास आहे असं सांगायचं आणि त्याच तोंडाने भागवंतीचं कौतुक करायचं, यात मला ढोंग दिसत नाही. समानता हे तत्त्व होतं, प्रश्नावलीत आलं तर त्याला होकार मिळायचा. भागवंती हे माणूस होतं. घरातल्या भांडणात तत्त्व कोण काढतं? तिथे उदाहरण काढतात, आणि उदाहरणाला भागवंती तयार होती.

असं फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. अमेरिकेत सत्तरच्या दशकात ‘ऑल इन द फॅमिली’ नावाची विनोदी मालिका चालायची. वर्णद्वेषी, पुरुषी अहंकाराच्या आर्ची बंकरची टर उडवण्यासाठी ती रचली होती. नील व्हिडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं की मुळातच पूर्वग्रह असलेल्या प्रेक्षकांना आर्ची आपलाच माणूस वाटत होता. तिथे हसू उलटलं, आपल्याकडे अश्रू उलटले.

भिंतीवरचा डाग

आता मी काकूबद्दल एक गोष्ट सांगते. त्याच वर्षी श्रावणात एका रात्री काकांनी ताट भिरकावलं. आमटीत मीठ जास्त झालं होतं की आणखी काही, आठवत नाही. आमटी भिंतीवर उडाली. काकूने काही न बोलता ओल्या फडक्याने भिंत पुसली, भांडी गोळा केली आणि नवं पान वाढलं. हळदीचा पिवळा डाग मात्र गेला नाही, दिवाळीत चुना लागेपर्यंत तो तिथेच होता. वाड्यात सगळ्यांना आवाज ऐकू गेला होता, पण कुणीच काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू नेहमीसारखी उंबऱ्याशी येऊन बसली. त्या दिवशी ती “किती सोसते” म्हणाली नाही, एवढंच मला वेगळं वाटलं.

टीव्हीवरच्या हिंसेचा विषय निघाला की आपण मारामाऱ्या, बंदुका, रक्त मोजतो. १९९४च्या केबल नियमांतली कार्यक्रम संहितासुद्धा हिंसेला चिथावणी आणि स्त्रीच्या देहाचं विटंबना करणारं चित्रण यांच्याबद्दल बोलते. ‘हम लोग’ या सगळ्या कसोट्यांवर स्वच्छ ठरली असती, आणि ती होतीही सभ्य. पण तिने काकूला तिच्या आदल्या रात्रीच्या ताटासाठी एक सांत्वन पुरवलं: तू एकटी नाहीस, देशभर आवडती असलेली बाईही हेच करते. हे सांत्वन खरं होतं आणि काकूला त्याची गरज होती. मला सलतं ते इतकंच की त्या सांत्वनाने ताट जागच्या जागी राहिलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत ४५ टक्के बायकांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी नवऱ्याने बायकोला मारण्याचं एक तरी कारण योग्य मानलं. त्यांत सर्वांत जास्त मान्य झालेलं कारण होतं सासरच्या माणसांचा मान न ठेवणं. हे वाचलं तेव्हा मला सासूसमोर मान खाली घालून उभी असलेली भागवंती आठवली. हा आकडा तिच्यामुळे आला असं मी म्हणणार नाही, पस्तीस वर्षांपूर्वीच्या एका मालिकेवर एवढं ओझं टाकणं अन्याय होईल. पण ज्या समजुतीवर तो आकडा उभा आहे, तीच समजूत तिला वंदनीय करत होती.

केबलने जे केलं ते

मग टीव्हीने बाईचं भलं होतच नाही का? इथे एक पुरावा माझ्या म्हणण्याला आडवा येतो आणि तो सांगितल्याशिवाय हे प्रकरण पुरं होणार नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथल्या १८० वस्त्यांतल्या कुटुंबांना दरवर्षी भेट दिली. त्या काळात २१ गावांत नव्याने केबल आली. २००९ मध्ये छापलेला त्यांचा निष्कर्ष असा: केबल आली त्या गावांतल्या बायका, नवऱ्याने मारणं योग्य आहे असं आधीपेक्षा कमी वेळा म्हणू लागल्या, मुलगाच हवा हा हट्ट सौम्य झाला, घरातल्या निर्णयांत त्यांचा वाटा वाढला. केबल न आलेल्या गावांत असा बदल दिसला नाही.

ही ती वर्षं होती जेव्हा हिंदी वाहिन्यांवर सासू-सुनांचा सुळसुळाट होता. तिथे कुणी साबिदोचा आराखडा लावला नव्हता, बोध सांगायला अशोककुमारही नव्हते. मग हे घडलं कसं? मला वाटतं, त्या मालिकांनी जे सांगितलं त्यापेक्षा त्यांनी नकळत जे दाखवलं ते खेड्यातल्या बाईने उचललं. दागिन्यांनी मढलेली, कटकारस्थानं करणारी ती बाई असेल, पण ती शहरात राहते, शिकलेली आहे, फोन स्वतः उचलते, न विचारता बाहेर जाते आणि तिच्या घरात एवढी माणसं असून मुलं दोनच. ही सगळी मागची सजावट होती. लेखकाने तिच्यात उपदेश भरला नव्हता, म्हणून तिच्याशी वाद घालायची वेळच आली नाही. भागवंतीच्या मागची सजावट कोणती होती? तेच स्वयंपाकघर, तीच सासू, तेच दुखणं. नवीन काही नव्हतंच, मग काकू नवीन काय उचलणार?

अर्थात तो अभ्यास बायकांनी जे सांगितलं त्यावर आहे. मारणं योग्य नाही असं म्हणणं आणि मार थांबणं यांत फार मोठं अंतर आहे. समोर प्रश्नावली घेऊन बसलेल्या माणसाला काय सांगायचं असतं, हेही बाई टीव्हीवरूनच शिकली असेल. पण गावातल्या बाईला ‘हे योग्य नाही’ असं म्हणता येईल, असे शब्द जरी मिळाले असले, तरी मी ते लहान मानणार नाही. आमच्या वाड्यात त्या श्रावणात तेवढेही शब्द कुणाकडे नव्हते.

काकू आता ऐंशीच्या घरात आहे. काका जाऊन बारा वर्षं झाली. मध्यंतरी तिच्याबरोबर मी ‘आई कुठे काय करते’ पाहत असे. ती मालिका स्टार प्रवाहवर डिसेंबर २०१९ पासून जवळपास पाच वर्षं चालली. पंचवीस वर्षं घर सांभाळलेल्या अरुंधतीला नवऱ्याचे संबंध कळतात आणि ती घटस्फोट घेते. भागवंतीबद्दल मी काकूला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं, की ती चुकीची आहे असं दाखवायचं होतं त्यांना. काकू जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “मग तिला ओट्यापासून उठवायचं ना कुणीतरी. शेवटपर्यंत तिथेच ठेवली की तिला.”

अरुंधती घर सोडते तो भाग लागला तेव्हा मला वाटलं, काकूला रडू येईल. तिने चष्मा सारखा केला, रिमोटने आवाज वाढवला आणि विचारलं, “आता राहील कुठे ही? भाडं कोण भरणार?” त्यानंतरचे कित्येक महिने ती मालिका याच हिशोबाने बघायची: पैसे कुठून आले, किती आले, कुणाच्या नावावर आले. उद्याच्या भागात ते दाखवलं नाही की ती चिडायची.